बेगमपुऱ्यातला एक दिवस

सुट्टी लागली की "कुठंतरी जाऊ या ना!" हा धोशा घरोघरी सुरू होतो आणि बाबा खिसा चाचपतात. मग आपल्या टेंभुर्णीहून सकाळी लवकर एसटी धरा नि छत्रपती संभाजीनगरचा बेगमपुरा गाठा. बारा वर्षांच्या आतल्यांना अर्धं तिकीट, २०२३ पासून आई-ताईलाही अर्धंच. पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं!

आधी बीबी का मकबरा. पंधरा वर्षांच्या आतल्यांना प्रवेश फुकट. चौथऱ्यावर अनवाणी जावं लागतं, दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून सकाळीच. शहजादा आझमशहाने आई दिलरास बानूसाठी तो बांधला. खर्च सांगतात ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ताजमहालाला कोट्यवधी लागले होते! म्हणून इथं संगमरवर बेताचाच, बाकी चुन्याचा गिलावा. कुठं काय आहे, शोधा बरं.

ऊन चढलं की पाणचक्की. दर्ग्यात येणाऱ्यांसाठी तिच्यावर दळण निघे. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणलं, तेही पंपाशिवाय! उंचावरून निघालेलं पाणी इथं भिंतीवर आपोआप चढतं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळे दालन गार. मे महिन्यात धार बारीक असली तर हिरमुसू नका. वडाची सावली बघा नि दशम्या सोडा.