पेढे वाटून केलेली पाठवणी

जून-जुलै आला की विंचूरमधून मुलं निघू लागतात. कुणी नाशिकला डिप्लोमाला, कुणी पुण्याला इंजिनिअरिंगला, कुणी हिंजवडीत पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला. निफाड तालुक्यातल्या या गावात कांद्याचा उपबाजार आहे, द्राक्षबागा आहेत, वाइन पार्क आहे. तरीही शिकलेल्या मुलाने बाहेर पडावं, मोठं व्हावं, ही घरोघरची इच्छा. प्रवेश पक्का झाला की पेढे वाटले जातात. बॅग भरताना आई लोणच्याची बरणी कपड्यांच्या घड्यांत नीट बसवते, वडील पैसे दोन ठिकाणी ठेवायला सांगतात. आठवड्याभराने तीच आई सवयीने दोन भाकरी जास्त थापते, आणि मग तिचं जेवणातच लक्ष लागत नाही.

या हुरहुरीला पाश्चात्त्य मानसशास्त्राने ‘रिकाम्या घरट्याचा सिंड्रोम’ असं भारदस्त नाव दिलं. पण मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात असा कुठलाच आजार नाही. वीस वर्षं एका जिवाभोवती दिवस बांधलेला असताना तो जीव घराबाहेर पडला, की मन जे करतं ते हे आहे.

पक्ष्यांचं मात्र वेगळं असतं. विंचूरच्याच तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. अंडी उबवताना आणि पिल्लं भरवताना अनेक पक्ष्यांच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. पिल्लं स्वतःचं स्वतः खाऊ लागली की ते उतरतं आणि त्याबरोबर संगोपनाची ओढही ओसरते.

माणसाच्या शरीरात असं सरळ बटण नाही. एल्सेलिन होक्झेमा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पहिलटकरणींच्या मेंदूचे गरोदरपणाआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहिले. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भागांत ठळक बदल झाले होते आणि ते निदान दोन वर्षं टिकून होते. आईचंच कशाला, इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं की बाळाचं सगळं स्वतः करणाऱ्या बापाच्या मेंदूतही धोक्याची चाहूल घेणारा भाग आईच्या मेंदूइतकाच जागा होतो. मूल जन्मल्यावर मेंदू असा बदलतो; ते अठरा वर्षांचं झालं म्हणून तो एका रात्रीत पूर्ववत होईल, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मोठ्या झालेल्या लेकरांत जीव अडकणं ही एकट्या माणसाची गोष्ट नाही. ओर्का या सागरी सस्तन प्राण्याचे नर आयुष्यभर आईच्या कळपात राहतात. 2012 च्या एका अभ्यासात आढळलं की आई मेल्यावर पुढच्या वर्षभरात तिशी ओलांडलेल्या नराचा मृत्यूचा धोका सुमारे 14 पटींनी वाढतो. 2023 च्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली: दूध सुटलेला एकेक हयात मुलगा सांभाळताना आईची त्या वर्षी पुन्हा विण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते.

मग मुलं गेल्यावर आईबाप खचतातच का? बहुतेक खचत नाहीत. अमेरिकेतल्या मिल्स कॉलेजमधून 1958 आणि 1960 मध्ये पदवीधर झालेल्या स्त्रियांचा संशोधकांनी अनेक दशकं मागोवा घेतला. 2008 मध्ये सारा गोर्चॉफ आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदींवरून मांडलं, की मुलं बाहेर पडल्यावर या स्त्रियांचं वैवाहिक समाधान वाढलं होतं. नवऱ्याबरोबरचे तास वाढले होते म्हणून नव्हे, तर असलेला वेळ सुखाचा झाला होता म्हणून. अर्थात त्या शिकलेल्या, शहरी, अमेरिकी बायका. विंचूरला मुलगा गेला की घरातला एक माणूस कमी होतो आणि शेतातले दोन हातही. औषध फवारणीचं वेळापत्रक, बँकेचा ओटीपी, ट्रॅक्टर घेऊन मार्केटला जाणं, सगळं पन्नाशीच्या बापावर परत येतं. हुरहुर आणि थकवा एकदम आले की दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत.

इथे मराठी घरातली एक विसंगती समोर येते. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या लेकीसाठी समाजाने रडण्याची जागा राखून ठेवली आहे. पाठवणीला बाप चारचौघांत रडला तरी कुणी नावं ठेवत नाही. नागपंचमीला, दिवाळीला मुराळी पाठवून तिला आणायचं, हे ठरलेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लेकीची आणि माहेराची ओढ त्यांत जागोजाग आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी निघालेल्या मुलाला वा मुलीला मात्र ना पाठवणी, ना मुराळी. तिथे फक्त अभिनंदन. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखाची मांडणी केली, ज्याला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. ‘पोराचं चांगलं झालं, आता कशाला रडता?’ या वाक्याने नेमकं तेच होतं. दुःख जात नाही, फक्त बोलायची सोय जाते.

ही बाब घरापुरती राहिलेली नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के फक्त जोडीदाराबरोबर आणि सुमारे 6 टक्के एकटे राहत असल्याचं दिसलं.

हुरहुर बहुधा काही महिन्यांत निवळते. पण सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ झोप, भूक उडाली, कशातच रस उरला नाही, जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

बाकीच्यांसाठी जुन्या रिवाजातलंच एक शहाणपण उपयोगी आहे: भेटीचा दिवस आधी ठरलेला असणं. ‘जमेल तेव्हा ये’ म्हटलं की आई रोज वाट पाहते. ‘पंचमीला ये’ म्हटलं की पंचमीची तयारी करते. आणि दरवेळी मुलांनीच यावं असंही नाही. बागायतदाराच्या वर्षात एप्रिलची खरड छाटणी असते, ऑक्टोबरची छाटणी असते. त्यांच्यामधले चार दिवस काढून आईवडिलांनी पुण्याच्या एसटीत बसावं, लेकीच्या भाड्याच्या खोलीवर उतरावं, तिने केलेला वरणभात जेवावा आणि तिचा संसार कसा लागलाय ते डोळ्यांनी पाहून यावं.