अलिबाग-मुरूड रस्ता आणि छोट्या दुकानाचा माल

मुरूडला रेल्वे नाही. अलिबागहून चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव असा सुमारे ५० किलोमीटरचा राज्यमार्गच या गावांची दुकाने चालवतो. रेवदंडा-साळाव दरम्यानचा कुंडलिका खाडीवरील पूल ही त्याची नाडी. पूल जड वाहनांना बंद झाला की ट्रकला रोह्याचा वळसा पडतो आणि वाढीव भाडे कापडाच्या भावात चढते. गाठी उचलणारा ते सोसतो; चार ताके मागवणाऱ्याचा नफाच जातो.

म्हणून आम्ही व्यापारी बंधूंना सुचवतो, शेजारच्या दुकानदारांनी मिळून एकच टेम्पो भरावा. खड्ड्यांची तक्रार करताना किलोमीटरचा दगड पाहावा. माथा हिरवा असेल तर रस्ता राज्यमार्ग. अर्ज सार्वजनिक बांधकाम खात्याकडे द्यावा. गावात जाणारा फाटा बहुधा जिल्हा परिषदेचा असतो. चुकीच्या दारी दिलेला अर्ज पडून राहतो.