वारंवार होणारं 'पित्त' कधी गांभीर्याने घ्यायचं? पोटाचा कॅन्सर कसा होतो, कसा पसरतो आणि कसा ओळखतात?

जेवल्यावर पोट जड झालं, आंबट ढेकर आले, छातीत जळजळ झाली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: 'पित्त झालंय.' मग मेडिकलमधून गोळी, थंड दूध किंवा कोकम सरबत. बहुतेक वेळा ते खरंच साधं पित्त असतं. पण पोटाचा, म्हणजेच जठराचा कॅन्सरही अशाच तक्रारींनी सुरू होतो. गोळीने काही दिवस बरं वाटतं आणि तपासणी लांबणीवर पडते.

२०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे ९.७ लाख नवे रुग्ण आढळले आणि साडेसहा लाखांहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

हा कॅन्सर का होतो?

सर्वांत मोठं कारण आहे 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जिवाणू. जठरातल्या तीव्र आम्लात जिवाणू टिकूच शकत नाही, असं पूर्वी मानलं जायचं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन पाहिलं आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. या शोधासाठी त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो आणि अनेक वर्षं शरीरात राहतो. सततच्या सुजेमुळे जठराचं अस्तर पातळ होतं, पेशी बदलत जातात आणि काही जणांमध्ये त्यातून कॅन्सर होतो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना मात्र कॅन्सर होत नाही.

तंबाखू, दारू, लठ्ठपणा, खूप खारवलेले आणि धुरावलेले पदार्थ यांनीही धोका वाढतो. भारतात मिझोराममध्ये या कॅन्सरचं प्रमाण सर्वाधिक राज्यांमध्ये गणलं जातं. तिथे धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं 'तुइबुर' नावाचं पाणी यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासकांना आढळला आहे. काही मोजक्या घरांत 'सीडीएच१' या जनुकातल्या बिघाडामुळे तो आनुवंशिकही असतो.

लक्षणं कोणती?

सुरुवातीला अनेकदा काहीच जाणवत नाही. पुढे ही लक्षणं दिसू शकतात:

- थोडं खाल्लं तरी पोट भरणं, भूक मंदावणं
- कारण नसताना वजन घटणं
- सततची मळमळ, उलट्या किंवा उलटीतून रक्त पडणं
- डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांमुळेही शौच काळी होते)
- रक्त कमी होऊन थकवा येणं
- घास अडकल्यासारखं वाटणं

तो पसरतो कसा?

जठराच्या भिंतीला अनेक थर असतात. कॅन्सर सर्वांत आतल्या थरात सुरू होतो आणि बाहेरच्या दिशेने वाढतो. तिथून तो जवळच्या लसिका ग्रंथींत, रक्तावाटे यकृत आणि फुफ्फुसांत आणि पोटातल्या आवरणावर पसरू शकतो. या आवरणावर पसरला की पोटात पाणी साचतं. काही रुग्णांमध्ये डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ लागते आणि तेव्हाच आजार लक्षात येतो.

निदान कसं होतं?

मुख्य तपासणी म्हणजे एंडोस्कोपी. कॅमेरा असलेली लवचिक नळी तोंडावाटे जठरात सोडून अस्तर पाहतात आणि संशयास्पद भागाचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. कॅन्सर आहे की नाही, हे बायोप्सीच ठरवते. नुसत्या सोनोग्राफीत सुरुवातीचा कॅन्सर सहसा दिसत नाही, म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल आली' एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कॅन्सर किती पसरलाय हे पुढे सीटी स्कॅन आणि गरजेनुसार इतर तपासण्यांतून कळतं.

जिवाणूचा संसर्ग श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीतूनही समजतो. पित्ताच्या काही गोळ्यांमुळे हा रिपोर्ट चुकू शकतो, त्यामुळे कोणत्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना आधीच सांगावं. संसर्ग आढळल्यास अँटिबायोटिक्सचा कोर्स देतात.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं?

पित्ताचा त्रास दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, गोळी बंद करताच परत येत असेल किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. वजन घटत असेल, काळी शौच होत असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर अजिबात थांबू नये.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याची राष्ट्रीय योजना आहे, त्यामुळे तिथे बरेच रुग्ण सुरुवातीलाच सापडतात. अगदी सुरुवातीचा कॅन्सर काही वेळा पोट न उघडता एंडोस्कोपीनेच काढता येतो. भारतात अशी सरसकट तपासणी नाही. म्हणूनच इथे रुग्णाने स्वतः वेळेत डॉक्टर गाठणं जास्त महत्त्वाचं ठरतं.