जपानी भाषा : अक्षरं चीनची, क्रम ओळखीचा

"जपानी म्हणजे चिनीचीच बहीण ना?" असं मुलं हमखास विचारतात. एकदा एका पालकांनीही विचारलं होतं आणि मी चक्क मान डोलावली होती! लिपी बघून भाषेचं कूळ ठरवायला गेलं की असं फसायला होतं.

चिनी वेगळ्या कुळातली. जपानीचं सख्खं नातं सिद्ध झालंय ते फक्त ओकिनावा आणि आसपासच्या ऱ्युक्यू बेटांवरच्या भाषांशी. कोरियनशी रचनेत खूप साम्य आहे, पण दोघींचं मूळ एकच असं अभ्यासक एकमतानं म्हणत नाहीत.

जपानकडे स्वतःची लिपी नव्हती. साधारण पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियामार्गे चिनी चिन्हं आली, तीच 'कांजी'. इ.स. 712 मधला 'कोजिकी' हा ग्रंथ चिनी चिन्हांतच लिहिलेला आहे. पण अडचण झाली. जपानीत क्रियापदाला प्रत्यय लागतात, चिनीत तसे लागत नाहीत. मग ते लिहायचे कसे? काही चिन्हांचा अर्थ सोडून नुसता उच्चार घेतला. ती भरभर लिहिता लिहिता गोलसर 'हिरागाना' झाली आणि चिन्हांचे तुकडे घेऊन 'काताकाना'. आज शब्दाचं मूळ बहुधा कांजीत, प्रत्यय हिरागानात आणि परदेशी शब्द काताकानात, तेही एकाच वाक्यात!

आता गंमत बघा. या अक्षरांचा क्रम फळ्यावर लिहा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, त्या अभ्यासातून हा क्रम आला. 'म'च्या आधी 'ह' कसा? त्याचा जुना उच्चार 'प'सारखा होता, म्हणून तो 'प'च्या जागी बसलाय.

व्याकरण आपल्या मुलांना इंग्रजीइतकं उलटंपालटं वाटत नाही. 'वाताशी वा रिंगो ओ ताबेमासु' म्हणजे मी सफरचंद खातो. क्रियापद शेवटी, 'ओ' हा कर्मामागे लागणारा प्रत्यय. आणि खातो, खाते, खातात, सगळ्यांना 'ताबेमासु' एकच! नामाला लिंगही नाही.

मग कठीण काय? मोजणं. कागदासारख्या चपट्या वस्तूंना 'माई', पेन्सिलीसारख्या लांबट वस्तूंना 'होन' असे वेगवेगळे शब्द लावावे लागतात. त्याहून कठीण कांजी. जपानी मुलं प्राथमिकच्या सहा वर्षांत 1026 कांजी शिकतात आणि एकेकीचे उच्चार अनेक. डोंगराची कांजी कधी 'यामा', तर कधी चिनी वळणाचा 'सान'. 'फुजीसान'मधला 'सान' हा आदरार्थी नाही बरं का, तो डोंगर आहे!

बाहेरून आलेले शब्दही भरपूर. बेकरीतल्या पावाला जपानी माणूस 'पान' म्हणतो. तो शब्द त्यांना पोर्तुगीजांकडून मिळाला, आपला 'पाव'ही तिथूनच आलाय.