लातूरची पोटली, शिकागोचा भाव

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव आधी पोटलीत ठरतो. खरेदीदार पोटलीतला नमुना तळहातावर घेतो, दाण्याचा रंग बघतो, माती-काडी फुंकून टाकतो, ओलाव्याचा अंदाज घेतो आणि आकडा बोलतो. आकडा बोलणारा माणूस समोर उभा असतो, म्हणून भाव त्यानेच पाडला असे वाटते. पण आदल्या रात्री शिकागोचा वायदेबाजार कुठे बंद झाला आणि क्वालालंपूरला पाम तेल काय भावाने गेले, हे पाहूनच तो बाजारात आलेला असतो. या जगाच्या बाजारात उतरणाऱ्या मोठ्या कंपनीची ताकद तिने किती पोती उचलली यावर मोजू नये. माल कुठून घ्यायचा, कधी घ्यायचा आणि घ्यायचाच की नाही, हे तिन्ही निर्णय तिच्या हाती असतात. तीच तिची खरी ताकद. अहमदपूर किंवा लोह्याच्या शेतकऱ्याकडे यातला एकही निर्णय नसतो. दिवाळी, रब्बीची पेरणी आणि उधारी त्याला थांबू देत नाहीत.

आधी सोयाबीनचे गणित पाहू. शंभर किलो दाण्यातून साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते. यातल्या तेलाची गाठ इंडोनेशिया-मलेशियाच्या पामशी आणि अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयातेलाशी पडते, कारण आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पेंडीची गाठ अर्जेंटिनाच्या पेंडीशी आणि अलीकडे देशातच मका-तांदळापासून इथेनॉल करताना उरणाऱ्या स्वस्त डीडीजीएस या पशुखाद्याशी. या सगळ्या मालाची जगभर ने-आण करणारी घराणी मोजकीच आहेत: एडीएम, बुंगे, कारगिल, लुई ड्रेफस आणि आता चीनची सरकारी कोफ्को. १८१८ मध्ये सुरू झालेल्या बुंगेने जुलै २०२५ मध्ये व्हिटेरा ही आणखी एक बडी कंपनी पोटात घेतली. एडीएम तर लातूरला परकी नाही. तिचा सोयाबीन गाळपाचा कारखाना इथेच आहे. पण याच एडीएमकडे सिंगापूरच्या विल्मारचे एक पंचमांशाहून जास्त भाग आहेत, आणि पाम तेलातली विल्मार ही जगातली अग्रगण्य कंपनी. अदानींबरोबर भागीदारी करून ‘फॉर्च्युन’ तेल घराघरांत नेले तेही तिनेच. सोयाबीन महागले काय आणि पाम स्वस्त झाले काय, एका खिशातले दुसऱ्या खिशात जाते. यात कट-कारस्थान शोधायची गरज नाही. कट न करताही हे चालते, हीच खरी अडचण आहे.

यावर कोणी म्हणेल, कारखाने नसते तर मराठवाड्यात सोयाबीन इतके पसरले असते का? नसतेच. शिवाय लातुरात कीर्तीसारखे इथलेच गाळप उद्योग आहेत, म्हणजे चढाओढही आहे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर याच बाजारात क्विंटलला दहा हजारांवर भाव गेला, तोही जगाच्या बाजाराने दिला. हे सगळे मान्य. पण त्यानंतर काय झाले तेही पाहावे. पोल्ट्री उद्योगाने दिल्लीत धाव घेतली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने बारा लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. ज्या बियाण्याची पेरणी या देशात बेकायदा आहे, त्याची पेंड कायदेशीर ठरली! नवा माल बाजारात येताच भाव निम्म्यावर आला. २० डिसेंबरला सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले. पुढच्या भावाचा अंदाज देणारी देशी खिडकी मिटली, शिकागोची मात्र उघडी राहिली. ज्याला तिथे सौदे करता येतात, त्याचे काही बिघडले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोष कंपन्यांचा नाही, सरकारी धोरणाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले. हमीभाव ४,८९२ रुपये होता, तरी बाजार त्याच्या खालीच राहिला. सरकारी खरेदीत बारा टक्के ओलाव्याची अट होती. ती पंधरावर नेली नोव्हेंबरमध्ये, म्हणजे विधानसभेच्या निवडणुकीत. तेव्हा धोरण जबाबदार आहेच. प्रश्न इतकाच की धोरणाच्या कानाशी कोण असतो? आयातदार, रिफायनरीवाले, पोल्ट्रीवाले यांच्या संघटना बारमाही निवेदने देतात, आकडेवारी पुरवतात. सोयाबीन उत्पादकाचे निवेदन पाच वर्षांतून एकदा, मतपेटीतून जाते.

नांदेडकडे वळले की दाब वेगळ्या दिशेने येतो. तिथे कापूस आहे, आणि कंपनीचा हात मालाच्या शेवटी नसून बियाण्याच्या पाकिटात आहे. २००२ मध्ये बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या बीटी कापसाला मान्यता मिळाली. अमेरिकी मोन्सँटोने जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढली आणि बियाणे स्वतः विकण्यापेक्षा जनुकाचा परवाना डझनावारी देशी कंपन्यांना देऊन प्रत्येक पाकिटामागे रक्कम घेतली. दुकानात ब्रँड पन्नास, आतले जनुक एकच. नांदेडच्या सीमेपलीकडच्या तेव्हाच्या आंध्र सरकारने २००६ मध्ये मक्तेदारीला आळा घालणाऱ्या एमआरटीपी आयोगाकडे दाद मागितली आणि सोळाशेचे पाकीट साडेसातशेवर आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायदा केला, २०१६ पासून केंद्र भाव ठरवू लागले. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर बड्या कंपनीला वेसण घालता येते. किंमत मोजावी लागली, हेही खरे: २०१६ मध्येच पुढच्या तणनाशक-सहनशील वाणाचा अर्ज मागे घेतला गेला. तसेच बियाणे मग बिनपावतीचे, चोरवाटेने शेतात आले, आणि फसले तर दाद मागायला कोणी नाही. तरीही भावनियंत्रण चुकले असे मला वाटत नाही. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये महाराष्ट्रात जो धुमाकूळ घातला, त्यानंतर जनुकासाठी जादा दाम मागण्याचा अधिकार कितपत उरतो?

सोयाबीनला मात्र असा कायदा लावता येणार नाही. शिकागोचा भाव मुंबईत बसून ठरवता येत नाही. सोयाबीनच्या शेतकऱ्याला हवी आहे ती थांबण्याची सोय. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा टक्के व्याज, मुदत सहा महिने. कंपनी जे सायलोच्या जोरावर करते, तेच हे छोट्या मापाने आहे. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे पेरणीआधी विचारा. आणि खाद्यतेलावरचे आयातशुल्क पेरणीपूर्वी जाहीर करून माल विकून होईपर्यंत न हलवण्याची मागणी प्रत्येक आमदार-खासदाराकडे लेखी करा. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचे हे शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, तेव्हा मराठवाड्यात खरिपाचे बियाणे घरात येऊन पडले होते.