गाणे खपले, कव्हरने खाल्ले

मँचेस्टरच्या ‘न्यू ऑर्डर’ या रॉक बँडची ‘ब्लू मंडे’ ही तबकडी मार्च १९८३ मध्ये बाजारात आली. बारा इंची सिंगल तबकड्यांत सर्वाधिक खपाची म्हणून तिचे नाव घेतले जाते. एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांवर प्रती गेल्या. व्यापारी बांधवांना वाटेल, कंपनीची चांदी झाली असेल. घडले भलतेच.

डिझाइनर पीटर सॅव्हिल यांनी कव्हर केले ते संगणकाच्या फ्लॉपीसारखे. कापून काढलेली भोके, आत चंदेरी पाकीट, आणि नाव अक्षरांत नाही तर रंगीत चौकोनांच्या सांकेतिक लिपीत. लग्नपत्रिका किंवा खोके बनवणाऱ्यांना हिशेब चटकन कळेल. जादा रंग आणि जादा डाय पंचिंग म्हणजे दर नगाला जादा मजुरी. डायचा खर्च खपावर वाटला जातो, पंचिंगची मजुरी मात्र शेवटच्या नगापर्यंत लागतेच. ‘फॅक्टरी’ कंपनीचे टोनी विल्सन सांगत की प्रत्येक प्रतीमागे काही पेन्स तोटा होत होता. म्हणजे गिऱ्हाईक वाढले की खड्डा मोठा! पुढे भोके काढून टाकून कव्हर साधे केले गेले. ही काटछाट पहिल्या दिवशी सुचायला हवी होती.

कराराचीही तीच तऱ्हा. नफा निम्मा-निम्मा, पण गाण्यांची मालकी कंपनीने स्वतःकडे ठेवलीच नव्हती. फॅक्टरी १९९२ मध्ये बुडाली. ती विकत घेऊ पाहणाऱ्या ‘लंडन रेकॉर्ड्स’ला कागद तपासताना हे कळले, आणि त्यांनी सौदा फॅक्टरीला वगळून थेट बँडशी केला.