काळे पाणी: कोठडी नव्हे, वेठ
औरंगाबादच्या शहागंजपासून फार दूर नसलेल्या छावणीत जून १८५७मध्ये घोडदळाने उठाव केला. जुलैत हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याचे एक नेते मौलवी अल्लाउद्दीन यांना पुढे अंदमानात धाडले गेले. बंडखोरांना दूर ठेवणे एवढाच काळ्या पाण्याचा हेतू होता, असे म्हटले जाते. मग पहिले दोनशे कैदी मार्च १८५८मध्ये उतरले, तरी सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६मध्येच का सुरू झाले? सरकारला कोंडलेली माणसे नव्हे, जंगल तोडणारे आणि रस्ते बांधणारे हात हवे होते. पिनांग, सिंगापूर, मॉरिशस येथेही हिंदी कैद्यांना असेच राबवले होते. उलट दिशेने आणलेल्या चिनी कैद्यांना तर आपल्याच महाबळेश्वरात भाजीमळ्यांत जुंपले गेले.